पहिली सुपारी घेण्याआधी
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या वेळचा विषय कंट्री गाणं. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या खेड्यापाड्यांतून आलेली, गिटार, फिडल आणि बँजोच्या साथीनं गायली जाणारी ही गोष्टीची गाणी नाशिकमधली बरीच तरुण पोरं हल्ली गाऊ लागली आहेत. आलेल्या पत्रांत पालक आहेत, गाणारे आहेत आणि एक वैतागलेले मंडळाचे कार्यकर्तेही आहेत.

प्रश्न : मुलगी सोळा वर्षांची, अकरावीत आहे. दोन वर्षांपासून गिटारवर इंग्रजी कंट्री गाणी म्हणते, तीन गाणी स्वतः रचली आहेत. नातेवाईक म्हणतात, टीव्हीच्या स्पर्धेत घाला. काय करावं?
– एक पालक, सिन्नर

स्पर्धेत दुसऱ्याचं गाणं गावं लागतं. कंट्रीमध्ये नवख्याला ओळखतात ते त्याच्या स्वतःच्या गाण्यावरून. म्हणून आधी त्या तीन गाण्यांकडे बघा, स्पर्धा पळून जात नाही.

कंट्रीच्या नामवंत गायिका डॉली पार्टन १९५९ मध्ये, तेराव्या वर्षी, नॅशव्हिल या कंट्रीच्या पंढरीतल्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात गायल्या. म्हणून काही त्यांनी शाळा सोडली नाही. १९६४ मध्ये शाळा संपली आणि दुसऱ्याच दिवशी त्या नॅशव्हिलला गेल्या. तिथेही आधी जम बसला तो इतरांना गाणी लिहून देण्यात. पहिला अल्बम आला १९६७ मध्ये. टेलर स्विफ्ट यांनी अकराव्या वर्षी कराओकेवर गायलेल्या गाण्यांची सीडी घेऊन आईबरोबर नॅशव्हिलच्या कंपन्यांचे उंबरे झिजवले. कुणी विचारलं नाही. तसं गाणाऱ्या मुलींना तिथे तोटा नव्हता. मग त्यांनी गिटार धरली आणि गाणी लिहायला घेतली. चौदाव्या वर्षी कुटुंब नॅशव्हिलजवळच्या हेंडरसनव्हिलला राहायला आलं, आणि त्याच वयात एका मोठ्या संगीत प्रकाशन कंपनीनं त्यांच्याशी करार केला तो गीतकार म्हणून. २००६ च्या पहिल्या अल्बममधल्या अकराही गाण्यांवर गीतकार किंवा सहगीतकार म्हणून त्यांचं नाव आहे.

गाणी घासून घ्यायची जागा म्हणजे छोटी खोली. नॅशव्हिलचा ब्लूबर्ड कॅफे १९८२ सालचा. दुकानांच्या एका साध्या ओळीत तो आहे आणि आत जेमतेम नव्वद खुर्च्या. तीन-चार गीतकार मधोमध गोल करून बसतात आणि आळीपाळीनं एकेक गाणं म्हणतात. गाणं चालू असताना श्रोत्यांनी गप्प बसायचं, हा तिथला नियम. (आपल्याकडच्या काही मैफलींनी हा नियम उसना घ्यायला हरकत नाही.)

नाशिकमध्ये याच मापाची जागा शोधा. पहिल्याच कार्यक्रमाला कालिदास कलामंदिर घेऊ नका. भाडं, तिकीटविक्री आणि रिकाम्या खुर्च्या मिळून पोरीची उमेद मारतील. वाचनालयाची खोली, कुसुमाग्रज स्मारकासारख्या ठिकाणचं लहान दालन, कॉलेज रोडचा एखादा कॅफे, सोसायटीची गच्ची यांपैकी काहीही चालेल. चाळीस माणसं, अर्धा तास, सहा गाणी. त्यांत दोन स्वतःची, दोन मराठी आणि दोन ओळखीची इंग्रजी. महिन्याला एक अशी सहा महिने बैठक करा. दर वेळी फोनवर रेकॉर्ड करा आणि ज्या कडव्याला लोक मोबाइल बाहेर काढतात, ते कडवं घरी येऊन कापा.

आणखी एक. स्वतः लिहायचं, स्वतः चाल लावायची आणि गावोगाव जाऊन म्हणायचं, ही रीत शिकायला नॅशव्हिलपर्यंत जायची गरज नाही. लोककवी वामनदादा कर्डक तुमच्याच तालुक्यातल्या देशवंडीचे. मुलीला त्यांची गाणी ऐकवा. गोष्ट चार कडव्यांत कशी बसवतात ते कळेल.

प्रश्न : मी हार्मोनियमवर शिकले. बाई म्हणतात माझी पट्टी काळी पाच. गिटारवर ती कशी धरायची? शिवाय काही गाणी काळी पाचमध्ये घेतली तरी वर ओढली जातात, असं का?
– वाचक, इंदिरानगर

काळी पाच म्हणजे ए शार्प. गिटारच्या मानेवरच्या तिसऱ्या धातूच्या पट्टीवर (फ्रेटवर) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लाव आणि जी-सी-डी या कॉर्डचे (एकत्र वाजवायच्या स्वरांचे) नेहमीचेच आकार वाजव. काळी चार हवी असेल तर कॅपो पहिल्या पट्टीवर, पांढरी सहासाठी दुसऱ्या पट्टीवर, आकार तेच. पांढरी चार हवी असेल तर तिसऱ्या पट्टीवर कॅपो लावून डीचे आकार धर. कॅपो धातूच्या पट्टीला अगदी लागून, तिच्या मागे बसव. मधोमध बसवलास तर तारा जास्त दाबल्या जाऊन स्वर चढतो. लावल्यावर पुन्हा एकदा ट्यून करायचंच. रंगमंचावर निम्मी पोरं हे विसरतात.

आता ओढाताणीचं. आपल्याकडे पट्टी म्हणजे षड्ज कुठे ते. पण कंट्रीची बरीच गाणी षड्जाच्या खाली मंद्र पंचमापर्यंत उतरतात, तर काही षड्जावरून सुरू होऊन धृपदात सरळ तार गंधारावर जातात. या दोन्हींना एकच षड्ज कसा चालेल? म्हणून षड्ज बाजूला ठेव. प्रत्येक गाण्यातला सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा स्वर शोध. मग स्वतःच्या गळ्याची दोन टोकं सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा तपास. सकाळी गळा खाली जातो, वर जायला कुरकुर करतो. वरच्या टोकाला किमान एक पूर्ण स्वर शिल्लक राहील अशी पट्टी त्या गाण्याची. पुरुषांनी गायलेलं गाणं बहुधा चार-पाच स्वर वर न्यावं लागेल. वहीत गाण्याच्या नावापुढे कॅपोचा आकडा लिहून ठेव.

नॅशव्हिलचे वादक कॉर्डची नावं लिहितच नाहीत, आकडे लिहितात: १, ४, ५. तुला ते परके वाटायला नकोत. तेच सा, म, प. ६ म्हणजे धैवतावरचा मायनर. पट्टी बदलली तरी आकडे तेच राहतात. साथीला कीबोर्डवाला आला की त्याच्या हातात हा कागद दे, अर्ध्या तासाची तालीम दहा मिनिटांत होते.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या कार्यक्रमात दोन नवे गायक गिटार घेऊन आले. गिटार जोडली की ‘गूंऽऽ’ असा घुमणारा आवाज, आणि आवाज वाढवला की माइकची शिट्टी. साउंडवाला म्हणतो गिटार खराब, गायक म्हणतात साउंड खराब. नक्की कोण?
– कार्यकर्ता, पंचवटी

बहुतेक वेळा कुणीच नाही. जोडणी चुकलेली असते.

अकूस्टिक गिटारमधला पिकअप, म्हणजे तारांची थरथर विजेच्या रूपात पुढे पाठवणारा भाग, मिक्सरच्या माइक चॅनलला थेट जोडण्यासाठी बनवलेलाच नसतो. मध्ये डीआय बॉक्स लागतो, म्हणजे गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळेल असा करणारी छोटी डबी. गिटारपासून डीआयपर्यंत जॅकची केबल पाच-सहा मीटरपेक्षा लांब नको. तिथून पुढे मिक्सरपर्यंत एक्सएलआर (माइकची तीन पिनांची) केबल बरीच लांब चालते. पंधरा-वीस मीटर जॅकची केबल थेट टाकली की ती अँटेनासारखी सगळी खरखर ओढून घेते. गिटारमध्ये बॅटरीवर चालणारा प्रीअँप (सिग्नल वाढवणारं छोटं सर्किट) असेल तर साधा, पॅसिव्ह डीआय पुरतो. नसेल तर अ‍ॅक्टिव्ह डीआय घ्या. त्याला मिक्सरचा ४८ व्होल्टचा फँटम पॉवर (माइकच्या केबलमधूनच येणारी वीज) किंवा स्वतःची बॅटरी लागते. गिटारमधली ९ व्होल्टची बॅटरी उतरली की आवाज फाटका आणि किरकिरा येतो, आणि ती उतरते कारण जॅक खोचलेला असेपर्यंत प्रीअँप चालूच राहतो. वाजवून झालं की जॅक काढायचा. खिशात एक नवी बॅटरी असावी.

सतत एकसुरी हम्म येत असेल तर डीआयवरचं ‘ग्राउंड लिफ्ट’ बटण दाबून बघा. त्याऐवजी प्लगची अर्थिंगची पिन कापणारे महाभाग असतात. त्यांना रंगमंचाजवळ फिरकू देऊ नका. जनरेटरवर चालणाऱ्या मांडवात गायकाच्या ओठाला माइक आणि बोटांना लोखंडी तारा असतात, शॉक बसला तर जिवावर बेततं.

‘गूं’ हा गिटारच्या पोकळ खोक्याचा. स्पीकरचा आवाज खोक्यात शिरतो, खोकं थरथरतं, ती थरथर पिकअप उचलतो आणि पुन्हा स्पीकरमध्ये पाठवतो. साधारण १०० ते २०० हर्ट्झच्या पट्ट्यात ही घुमणी असते. गिटारच्या भोकावर रबरी झाकण बसवा, बहुतेक वेळा तेवढ्यानं मिटतं. नसेल मिटत तर इक्वलायझरवर त्या पट्ट्यात जिथे घुमतं ती जागा शोधून फक्त तेवढीच खाली आणा. सगळा बास मारला तर गिटार पत्र्यासारखी वाजेल.

शिट्टीचं कारण माइकची जागा. मुख्य स्पीकर गायकाच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून हवेत. कार्डिऑइड माइक पाठीमागून ऐकत नाही, म्हणून मॉनिटर, म्हणजे गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, गायकाच्या समोर, माइकच्या बरोबर पाठीशी ठेवायचा. सुपरकार्डिऑइड असेल तर थोडा बाजूला, कारण त्याची बहिरी जागा तिरकी असते. गायकानं ओठ जाळीपासून तीन-चार सेंटिमीटरवर ठेवावेत. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलनं पडतो, साउंडवाला तो भरून काढायला बटण वर करतो आणि शिट्टी वाजते. जाळी मुठीत धरणं हा तर शिट्टीला मूठभर अक्षता देण्याचाच प्रकार. गायकाच्या चॅनलला ८० ते १०० हर्ट्झखालचा भाग कापा. आणि मांडवातला तो लाडका एको बंद ठेवा. कंट्रीचा जीव शब्दांत असतो, एकोत शब्दच बुडतात. साउंडवाल्याला ‘आवाज कोरडा ठेवा’ एवढं सांगितलं तरी कळतं.

या सगळ्याला वीस मिनिटं लागतात, ती पाहुण्यांच्या सत्काराआधी द्या.

प्रश्न : जानेवारीत द्राक्षबागेतल्या कार्यक्रमात दर गाण्यानंतर गिटार बेसूर होत होती. नवीन तारा घातल्या होत्या, तरीही.
– वाचक, दिंडोरी

तरीही नव्हे, म्हणूनच. नवी तार पहिला दिवस-दोन दिवस ताणली जात असते. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी तारा बदला, प्रत्येक तार बोटानं हलकेच वर ओढून पुन्हा ट्यून करा, असं चार-पाचदा.

दुसरं कारण थंडी. आपल्याकडे जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या खाली उतरतो. गार झाल्यावर लोखंडी तार आकसते, स्वर चढतो. रंगमंचावरचे तापलेले दिवे अंगावर आले की उतरतो. गाडीतून काढलेली गिटार वीस-तीस मिनिटं बाहेरच्या हवेत उघडी ठेवा आणि मगच ट्यून करा. बारा नंबर जाडीच्या संचाचा सहा तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या आसपास असतो, तेव्हा लाकडालाही सावरायला वेळ लागतो. पावसाळ्यात उलट त्रास: लाकूड ओल पिऊन फुगतं, तारा वर उचलल्या जातात, बोटं दुखतात. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका. एप्रिलमध्ये उन्हातल्या गाडीत गिटार ठेवली तर ब्रिजचा (तारा अडकवायच्या लाकडी पट्टीचा) डिंक सुटतो, मग दुरुस्तीला कारागीर शोधत फिरा.

प्रश्न : दोन तास सराव केला की आवाज बसतो. कंट्रीचा तो अनुनासिक आवाज काढण्यानं होतंय का?
– वाचक, ओझर

तो आवाज खरं तर नाकातला नसतोच. नाक चिमटीत धरून म, न नसलेली एखादी ओळ म्हणा. आवाज बदलला तर तुम्ही नाकातून गाताय, म्हणजे चुकताय. कंट्रीची ती धार स्वरयंत्राच्या वरचा भाग आकसल्यानं येते. लहान मूल चिडवताना ‘ॲऽ ॲऽ’ करतं तसा. नीट जमलं तर कमी जोरात आवाज लांब पोहोचतो, म्हणजे गळ्याला उलट आरामच.

बसण्याची कारणं बहुधा वेगळी: चुकीची पट्टी, गिटारच्या वर ओरडून गाणं, सलग दोन तास. चाळीस मिनिटं गा, वीस मिनिटं गप्प बसा. गप्प म्हणजे गप्प. कुजबुजल्यानं गळ्यावर ताण येतो. सुरुवातीला पाच मिनिटं ग्लासातल्या पाण्यात दोन-तीन सेंटिमीटर बुडवलेल्या स्ट्रॉमधून ‘ऊ’कार धरून बुडबुडे काढा, स्वर खालीवर सरकवत. खाकरण्याऐवजी घोटभर पाणी. घसा बधिर करणाऱ्या गोळ्या खाऊन कार्यक्रम करू नका, दुखणं कळत नाही आणि इजा वाढते. घोगरेपणा तीन आठवड्यांवर राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीनं स्वरयंत्र तपासून घ्या. हळद-दुधावर भागवू नका.

प्रश्न : मराठीत कंट्री लिहिता येईल? इंग्रजी गाण्यांची मराठी रूपांतरं करावीत का?
– वाचक, निफाड

लिहा, जरूर लिहा. रूपांतर मात्र परवानगीशिवाय नको. भाषांतराचा हक्क मूळ गीतकाराचा असतो. शिवाय रूपांतरात मुळातली धूळ येत नाही. कंट्रीचं गाणं ठरावीक गावाचं, ठरावीक वाहनाचं, ठरावीक कामाचं असतं. तुमच्याकडे ऑक्टोबरची छाटणी आहे, लासलगावच्या लिलावात थांबलेले ट्रॅक्टर आहेत. टेक्सासची धूळ कशाला आणता?

दोन गोष्टी सांभाळा. धृपदाचे शब्द तेच राहावेत, पण दर कडव्यानंतर त्यांचा अर्थ थोडा सरकावा: पहिल्यांदा ‘घरी ये’ आई मुलाला म्हणते, शेवटच्या वेळी मुलगा आईला. ही या गाण्याची मुख्य कारागिरी. दुसरं, ठोक्यावर दीर्घ अक्षर पडू द्या. इंग्रजीत आघात असतो, मराठीत ऱ्हस्व-दीर्घ. ‘तुझ्याविना’ मधला ‘तु’ ठोक्यावर खेचला की मराठी कान लगेच कुरकुरतो.

तालाची अडचण नाही. कंट्रीचा बूम-चिक ठेका म्हणजे अंगठ्यानं खर्ज, मग बाकी तारांवर झटका. जी कॉर्ड वाजवताना अंगठा सहाव्या आणि चौथ्या तारेवर आळीपाळीनं, म्हणजे षड्ज-पंचम. हे केरव्यात आरामात बसतं, आणि तीन मात्रांची वॉल्ट्झ दादऱ्यात. ढोलकी घेतली तर वादकाला हात आवरायला सांगा, नाहीतर गिटार दिसेल, ऐकू येणार नाही.

प्रश्न : अमेरिकन उच्चार करावेत का?
– वाचक, गंगापूर रोड

नको. देहरादूनच्या बॉबी कॅश यांना ऑस्ट्रेलियातल्या टॅमवर्थच्या कंट्री महोत्सवानं डोक्यावर घेतलं ते ‘इंडियन काउबॉय’ म्हणूनच. शब्द स्पष्ट हवेत, बस.

प्रश्न : दुसऱ्यांची गाणी रेकॉर्ड करून यूट्यूबवर आणि ॲपवर टाकली तर अडचण येते का?
– वाचक, येवला

येते. एका गाण्यात दोन मालकी असतात: शब्द-चालीची एक आणि ध्वनिमुद्रणाची दुसरी. तुम्ही नव्यानं गायलात तरी पहिली शिल्लक राहतेच, आणि नेटवरून उतरवलेला कराओके ट्रॅक वापरलात तर दुसरीही अंगाशी येते. साथ स्वतःच्या गिटारची ठेवा. यूट्यूब बहुतेकदा गाणं ओळखून जाहिरातीचं उत्पन्न मालकाकडे वळवतं. कधी व्हिडिओ उतरतोही. ऑडिओ ॲपवर टाकताना वितरक कव्हरचा, म्हणजे दुसऱ्याचं गाणं नव्यानं गायल्याचा, परवाना मागतो.

भारतात शब्द आणि चाल लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी मोकळी होते. कंट्रीच्या सुरुवातीच्या काळातले गायक जिमी रॉजर्स १९३३ मध्ये वारले, त्यांनी एकट्यानं रचलेली गाणी इथे कुणीही गावीत. मात्र ‘पारंपरिक’ लिहिलेलं दिसलं म्हणून विश्वास ठेवू नका. चाल जुनी आणि शब्द परवाचे, असं सर्रास असतं. आपल्या लोकगीतांचंही तेच.

प्रश्न : मुलाला लग्नाच्या आणि हॉटेलच्या सुपाऱ्या येऊ लागल्या आहेत. एका कंपनीनं करारही पाठवला आहे. तो सतरा वर्षांचा. काय बघायचं?
– एक पालक, नाशिक रोड

अठरा पूर्ण नसलेल्याची सही कायद्यानं करार ठरत नाही. सही पालक म्हणून तुमची हवी आणि कागदावर तसं लिहिलेलं हवं.

सुपारी तोंडी घेऊ नका. व्हॉट्सॲपवर लिहून दुसऱ्या बाजूनं ‘मान्य’ म्हटलं तरी तोंडीपेक्षा बरं. तारीख, पोहोचायची आणि गायची वेळ, किती सत्रं (पंचेचाळीस मिनिटांची दोन पुष्कळ झाली), साउंड कोणाचा, प्रवास आणि जेवण कोणाचं, निम्मा इसार कधी, उरलेले पैसे कधी. उरलेले गाण्याआधी घ्यावेत. वरात निघून गेल्यावर यजमान सापडत नाहीत. पाऊस आला तर इसाराचं काय, हेही लिहा. आयोजकानं कार्यक्रमाचं चित्रण करून विकायचं किंवा नेटवर टाकायचं असेल तर कलाकाराची संमती लागते, ती फुकट देऊ नका. आयोजक कंपनी असेल तर व्यावसायिक मानधनावर १० टक्के टीडीएस कापला जाऊ शकतो. पॅन नसेल तर २० टक्के जातो, म्हणून मुलाचं पॅन आत्ताच काढा.

कंपनीच्या करारात ‘कायमस्वरूपी’, ‘जगभर’ आणि ‘सर्व माध्यमांत’ हे तीन शब्द शोधा. कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क लेखीच द्यावे लागतात; मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारत धरला जातो. म्हणजे कोरी जागा तुमच्या बाजूची आणि भरलेली त्यांच्या. मुलगा स्वतः लिहीत असेल तर गायनाचा आणि लेखनाचा करार वेगवेगळा करा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा कंपनीला कायमचा लिहून घेता येत नाही, पण कागदावर तसं छापणारे अजून आहेत. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचं सदस्यत्व गीतकार म्हणून घेता येतं. दोघांनी मिळून गाणं रचलं असेल तर वाटा त्याच दिवशी, त्याच वहीत लिहून दोघांनी सही करावी. मैत्री असतानाच हे सोपं असतं.

प्रश्न : रात्री दहानंतर थोडं चालतं ना?
– मागचेच कार्यकर्ते, पंचवटी

लाउडस्पीकर रात्री दहा ते सकाळी सहा बंद. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. ते दिवस आधी जाहीर होतात, यादी बघून तारीख धरा. रुग्णालय, शाळा आणि न्यायालयापासून १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असू शकतो. नव्या गायकाला साडेनऊला उभं करायचं आणि पावणेदहाला घड्याळ दाखवायचं, असं होत असेल तर त्याला सत्कारांच्या आधी, साडेसातला बसवा.